सात फुटी इस्त्री

आमचं काम बिल्डर लोकांची मॉडेलं बनवण्याचं. बडोद्यात नवी स्कीम निघाली की साइट ऑफिसात काचेखाली जे टॉवर, निळा स्विमिंग पूल आणि कधीच न वाळणारी झाडं दिसतात, ती मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, आमच्यासारख्या शेडमधून गेलेली असतात. स्केल 1:100, फार तर 1:200. सगळं चकाचक हवं, कारण त्यावर अजून न बांधलेले फ्लॅट विकायचे असतात.

त्यामुळे अलकापुरीत गेम झोन काढणारा एक मराठी मुलगा येऊन म्हणाला, "काका, 'स्टार वॉर्स'मधला स्टार डिस्ट्रॉयर करून द्या, छताला टांगायचाय," तेव्हा मी हो म्हणालो ते थोडं हावरटपणानेच. 1977 साली कॉलेजातही नव्हतो, पण पुढे कधीतरी तो पहिला शॉट पाहिला होता: डोक्यावरून ते त्रिकोणी धूड जायला लागतं आणि संपता संपत नाही. कथेत या अवकाशयानाची लांबी 1600 मीटर. शूटिंगसाठी बांधलेलं मॉडेल मात्र 91 सेंटिमीटरचं. 1980 च्या पुढच्या भागासाठी अडीच मीटरच्या वर मोठं नवं मॉडेल बांधलं. आम्ही ठरवलं सात फूट, म्हणजे 1:750.

हा आकडा कागदावर लिहिणं सोपं. हातात घेतला की कळतं. 1 मिमी म्हणजे पाऊण मीटर. माणूस जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा, मोहरीहून थोडाच मोठा. आमचा रंगारी ज्या प्रेमाने लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड हात देतो, तो थर या स्केलला वीतभर जाडीचा होतो. काचपेपरचा एखादा ओरखडा म्हणजे सरळ खंदक. बिल्डरच्या मॉडेलमध्ये खिडकी दिसली की माणूस मनाने आत जाऊन उभा राहतो, आकार आपोआप कळतो. इथे खिडकी नाही, दार नाही, ओळखीचं काहीच नाही. मग ते मोठं आहे हे डोळ्याला सांगायचं कोणी?

उत्तर चित्रपटवाल्यांनीच देऊन ठेवलंय. त्यांनी बाजारातली रणगाड्यांची, युद्धनौकांची प्लास्टिक किट आणली, सुटे भाग काढले आणि जहाजाच्या अंगावर दाटीने चिकटवले. आमच्याकडे परदेशी किटच्या किमती ऐकून गिऱ्हाईक पळालं असतं, म्हणून भंगारवाला गाठला. प्रिंटरचे गिअर, रिले, कॅल्क्युलेटरची बटणं, सिरिंजचे काप, शिवाय आमच्याच जुन्या स्कीमच्या उरलेल्या जाळ्या आणि रेलिंग. मागची तीन मोठी इंजिनं मांडवीच्या बाजारातली प्लास्टिकची नरसाळी आहेत. चार छोटी इंजिनं बाटलीची बुचं. सांगाडा चौकोनी अॅल्युमिनियम पाइपचा, त्यावर सनबोर्ड आणि वरून पातळ अॅक्रिलिकचे शेकडो तुकडे. अॅक्रिलिक लेसरवर कापलं आणि सिरिंजने क्लोरोफॉर्म सोडून जोडलं. सनबोर्ड मात्र हाताने, कटरनेच. तो पीव्हीसी असतो, लेसरखाली घातला की आम्लाचा धूर निघतो. मशीनही खातो आणि छातीही. नव्या पोरांना हे दर वेळी ओरडून सांगावं लागतं.

शेडमध्ये येणारा प्रत्येक जण एकच गोष्ट बोलायचा. आमचे सुतारकाका तर पहिल्याच दिवशी सांगाड्याकडे बघून म्हणाले, "आ तो इस्त्री छे!" तेव्हापासून ती इस्त्रीच. "इस्त्री उचला," "इस्त्रीवर धूळ बसली," असंच चालायचं.

ज्या दिवसाबद्दल लिहायचंय तो गिऱ्हाईक बघायला आला तो दिवस. सोबत वडील, अण्णा. डांडिया बाजारातलं जुनं घर, वडिलांचा शब्द शेवटचा आणि पैसेही त्यांचेच. यान सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवलं होतं, वर चार ट्यूबलाइट लखलखीत. अण्णांनी सावकाश एक फेरी मारली. पांढुरक्या राखाडी रंगाचे तुकडे त्यांनी नीट पाहिले. ते मी मुद्दाम सारखे ठेवले नव्हते. एक छटा उजळ, शेजारची किंचित मळकी, कुठे काजळीचा हलका हात, आणि चमक कुठेच नाही.

"रंग संपला होता का?" अण्णा म्हणाले.

"नाही हो, असाच ठेवायचाय."

"पॅच मारल्यासारखं दिसतंय. एक हात पांढरा ड्यूको मारा, वरून लॅकर. एवढे पैसे घेताय."

रंगारी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत होता. त्याचं पहिल्यापासून हेच म्हणणं. मुलगा मोबाइलवर चित्रपटातले फोटो दाखवायला लागला, पण बापाला फोटोने पटलंय असं कोणाच्या घरी झालंय?

मी शटर खाली ओढायला सांगितलं. ट्यूबलाइट बंद. एक हॅलोजन डाव्या बाजूला, लांब आणि तिरका. समोरून उजेड उचलायला फोटोग्राफर थर्माकोल धरतात, तोही नको. अवकाशात सूर्य एकच आणि सावली काळी ठार. सुतारकाकांकडून ड्रॉवरचं लांब चॅनल घेतलं, फळीवर ठोकलं, त्यावर माझा मोबाइल भिंग वर करून बसवला आणि फळी यानाच्या पोटाखाली सरकवली. भिंग आणि पोट यांच्यात चार बोटांचं अंतर. चित्रपटातही यान जागचं हलत नव्हतं. सरकत होता तो कॅमेरा. खरा कॅमेरा इतक्या जवळून लावला तर पुढचं स्पष्ट आणि मागचं धूसर होतं, आणि तसं झालं की खेळणं लगेच ओळखू येतं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी भिंगाचं छिद्र बारीक करून एकेका फ्रेमला जास्त वेळ प्रकाश दिला आणि कॅमेरा यंत्राने हळूहळू सरकवला. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी नीट येतं. ही सोय आम्हाला फुकटात.

रेकॉर्डिंग चालू करून मी चॅनल टोकाकडून मागे ओढलं, अगदी सावकाश.

मग तो व्हिडिओ अण्णांच्या हातात दिला. टोक आलं. कडेची खाच आली, तिच्यातले गिअर आणि रिले तिरक्या उजेडात लांब सावल्या टाकत होते. मळके तुकडे आता तुकडे राहिले नव्हते, वेगवेगळ्या वेळी दुरुस्त केलेले पत्रे झाले होते. पोटातला घुमट आला, गेला, आणि तरी यान संपेना. अण्णा चष्मा कपाळावर सारून बघत होते. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. सुतारकाका मागून मान घालून बघत होते, त्यांनी इस्त्रीचं नाव काढलं नाही.

"आणि चमकवलं असतं तर?" अण्णांनी विचारलं.

मी कोपऱ्यातला लॅकर मारलेला जुना नमुना त्याच जागी धरला. त्यावर हॅलोजनचा गोल ठिपका लख्ख उमटला, शेजारी माझा अंगठाही दिसत होता. ते बघून अण्णा नुसतं "हं" म्हणाले. ड्यूकोचा विषय संपला. रंगारी चहा सांगायला निघून गेला.

बसवणं साधंच झालं. वरचा बुरुज वेगळा बोल्ट केलेला होता, त्यामुळे उरलेला त्रिकोण आडवा धरून जिन्यातून गेला. छताच्या स्लॅबला चार अँकर, चार साखळ्या, नाक जरा खाली. मी एकच अट घातली होती: खाली झगझगीत लाइट नको, एका बाजूने एकच स्पॉट. ती मुलाने पाळली.

हिशेब करताना अण्णा खुशीत होते. "त्या पिक्चरमध्ये पुढे एक छोटं यान पळत असतं ना? तेही करून टाका. छोटंच आहे, स्वस्तात होईल."

मी म्हटलं, "अण्णा, त्या लोकांनी ते छोटं यान सहा फुटांचं बांधलं होतं. त्यांचं मोठं तीन फुटांचं."

अण्णांनी चेकबुक खिशात घातलं. "मग राहू दे," म्हणाले, "मागचंच बिल जरा बघून लावा."