जुनापाणी, चौथी फेरी: केंद्र हलवलं आणि ११५ चं १०९ झालं

मागच्या वेळी लिहिलं होतं की जुनापाणीच्या दगडी वर्तुळांपैकी मी मोजत असलेल्या वर्तुळातल्या खळगेवाल्या दगडाची दिशा (केंद्रातून पाहताना, उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेली) बरोब्बर ११५ अंश आली. नागपूरच्या अक्षांशावर (२१ अंशांच्या जरा वर) डिसेंबरच्या अयनदिनाला (वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी) सूर्य साधारण तिथेच उगवतो, त्यामुळे दगड मुद्दाम त्या सूर्योदयाकडे लावलाय असं वाटून त्या रात्री मला झोप नव्हती. आता ते मागे घेतोय. का, ते सविस्तर सांगतो कारण इथे बरेच जण हेच करायला निघालेत.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात, जुनापाणी म्हणजे नागपूरहून काटोल रोडने गेलं की लागणारी शिळावर्तुळं, लोहयुगातली, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं. मोठे दगड गोल मांडलेले आणि आत मुरूम-गोट्यांचा भराव. रिव्हेट-कारनॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९ व्या शतकातच इथे उकरून पाहिलं होतं, १९६१ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत. टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्था, मुंबई) मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी इथली ५६ वर्तुळं तपासली तेव्हा हे खळगे केंद्रापासून कुठल्याही दिशेला विखुरलेले नाहीत, त्यांचे तीन गट पडतात असं दिसलं. माझा सगळा खटाटोप तिथूनच सुरू झाला.

आता कामाचं. मोबाईलचा कंपास इथे विसरा. नागपुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक आहे, पण हे दगड बेसाल्टचे, त्यात लोहखनिज, दगडाला टेकवून धरला तर माझा कंपास ११ अंश फिरला. म्हणून या फेरीत आपला जुना शंकू वापरला, म्हणजे सावलीवरून दिशा काढायची उभी काठी, कात्यायन शुल्बसूत्रात (यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात) दिलेली पद्धत. प्लायवूडवर वर्तुळ काढायचं, मधोमध सळई ओळंब्याने सरळ उभी करायची, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवतं तिथे खूण, दुपारी परत शिवतं तिथे दुसरी, दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम. सकाळची खूण साडेनऊला आणि दुसरी अडीचच्या जरा आधी मिळाली. जमिनीत खुंटी ठोकायची नाही, दगडांवर खडूही लावायचा नाही, ही संरक्षित जागा आहे. फळी सपाट करायला स्पिरिट लेव्हल नक्की न्या.

दिशा अशी पक्की झाली, पण मग केंद्राचा घोळ समोर आला. मागच्या वेळी मी भरावाचा उंचवटा हेच केंद्र धरलं होतं, पण एवढ्या पावसाळ्यांत मुरूम एका बाजूला वाहून गेलेला असणारच ना! यावेळी न हललेले वाटले असे १२ दगड घेतले, त्यांच्या आतल्या कडांची टेपने मापं घेतली आणि घरी स्प्रेडशीटमध्ये त्यांतून वर्तुळ बसवलं, व्यास १४ मीटर आणि केंद्र सरकलं ७० सेंटीमीटर. ७ मीटरवरच्या दगडाला ७० सेंटीमीटर म्हणजे जवळपास ६ अंश. ११५ चं १०९ झालं. १०९ अंशांवर सूर्य उगवतो नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास आणि जानेवारीच्या अखेरीस, ज्याला अयनदिन म्हणता येत नाही.

तुलनेत बाकीच्या चुका किरकोळच आहेत. ३००० वर्षांपूर्वी पृथ्वीच्या अक्षाचा कल २३.८ अंशांच्या आसपास होता (आज साधारण २३.४), त्याने फरक पडतो अर्ध्या अंशाहून कमी. क्षितिज एक अंश उंच असलं तरी तेवढाच, कारण आपल्याकडे सूर्य बऱ्यापैकी उभा चढतो, इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाच्या अक्षांशावर हाच फरक दीड अंशाच्या पुढे जातो.

आणि एक गोष्ट जी मला आधी सुचायला हवी होती. इथे वर्षभरात सूर्य उगवतो ६५ ते ११५ अंशांमध्ये आणि मावळतो २४५ ते २९५ मध्ये, एकूण १०० अंश, म्हणजे डोळे मिटून दगड निवडला तरी चारात एकदा तरी तो सूर्याच्या पट्ट्यात पडणारच. त्यामुळे एका वर्तुळावरून मी काहीच म्हणणार नाही. वाहियांच्या कामात मला दम वाटतो तो ५६ वर्तुळं घेतली म्हणून, आणि गट पडले म्हणून. माझं उद्दिष्ट आता २० वर्तुळांचं, प्रत्येकाचं केंद्र याच रीतीने बसवून, आणि कितीचा घोळ शक्य आहे तेही सोबत लिहून.

२१ डिसेंबरला पहाटे मात्र जाणार आहेच, १०९ आलं तरी. त्या दगडामागून तांबडं फुटताना नक्की किती बाजूला दिसतं ते डोळ्यांनी पाहायचंय. कोणाकडे जादा ट्रायपॉड असेल तर सांगा, स्वेटर-टॉर्च लागेलच.