आह मांचे शिवणयंत्र

सिंगापूरमधील सरकारी वसाहतींत बहुतेक इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो. तेथेच मलय कुटुंबांची लग्ने लागतात आणि चिनी कुटुंबांचे अंत्यविधीही होतात. वडिलांच्या नोकरीमुळे माझे बालपण तोआ पायोह भागातील अशाच एका इमारतीत गेले, आणि शेजारच्या होक्किएन (चिनी समाजातील एका भाषिक गटाच्या) आजी, ज्यांना आम्ही सगळी मुले ‘आह मा’ म्हणत असू, वारल्या तेव्हा हा विधी मी प्रथमच जवळून पाहिला. शवपेटी ठेवायची ती विषम दिवस, म्हणजे ३, ५ किंवा ७. मृत व्यक्ती स्त्री असल्याने घरच्यांनी दुखवट्याची खूण म्हणून कापडाचा चौकोनी तुकडा उजव्या बाहीवर लावला होता. पुरुषासाठी तो डाव्या बाहीवर लावतात. जागरणाला बसलेल्या मंडळींनी आम्हा मुलांनाही सोनेरी-चंदेरी वर्खाचे कागद दुमडून जुन्या चिनी लगडी करायला बसवले. जाळलेल्या कागदी वस्तू परलोकात मृताला मिळतात, अशी श्रद्धा आहे. बांबू-कागदाचे मोठे घर जाळताना मात्र सारे कुटुंब हात धरून त्याभोवती कडे करून उभे राहिले, कारण भटके आत्मे ते मध्येच बळकावतील अशी समजूत आहे.

पुढे अनेक वर्षांनी, एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या छिंगमिंग या पूर्वजस्मरणाच्या सणासाठी, आह मांच्या नातीने आणि मी त्यांचे शिवणयंत्र जाळण्यासाठी बांबू-कागदाचे करायचे ठरवले. दुकानांत पुठ्ठ्यावर छापलेले मोबाइल, मोटारी आणि बंगले तयार मिळतात. पायाने चालवायचे जुने काळे यंत्र मात्र आम्हाला कोठे दिसले नाही. म्हणून आम्ही एका वयस्कर कारागिरांकडे शिकायला गेलो.

बांबूच्या कामट्या मला आकाशकंदिलामुळे परिचित होत्या, परंतु येथे खिळा, तार, दोरा काहीच नव्हते. कामटी ज्योतीवर शेकून हळूहळू वाकवायची, दोन कामट्या जुळल्या की खळीत भिजवलेली पातळ कागदाची पट्टी सांध्याभोवती पिळून बांधायची आणि ती धरेपर्यंत बोटांनी दाबून ठेवायची. जे केले ते सगळे जळून गेले पाहिजे, धातू मागे उरता कामा नये, हा कारागिरांचा दंडक होता.

सांगाडा उभा राहिल्यावर खरा वाद सुरू झाला. नातीच्या मते खण उजवीकडे होता, माझ्या मते डावीकडे. फोटो कोणाजवळच नव्हता. त्यातच कारागिरांनी विचारले, ‘आजी किती उंच होत्या? पायटा त्यांच्या पायाला पुरायला हवा.’ मग त्यांच्या स्टुलाची उंची, चष्मा, पायटा दाबताना एका पायातील निसटणारी सपात, असे एकेक आम्ही दोघी आठवत बसलो. छापील वस्तू विकत घेताना अशी चौकशी कोणी करत नाही, आणि एवढ्यासाठीच हा खटाटोप मला मोलाचा वाटतो.

अखेर दोन्ही बाजूंना खण केले. वस्तू योग्य व्यक्तीला पोहोचावी म्हणून नातीने त्यावर आजीचे नाव लिहिले, वर कागदी रिळे आणि कात्री ठेवली, आणि अस्थिगृहाच्या आवारातील भट्टीत ते यंत्र आम्ही जाळले. पुढील छिंगमिंगला कोळशाची इस्त्री करायची आहे. तिची मूठ लाकडी होती, यावर तरी आमचे एकमत आहे.