चार पायांवर उत्तीर्ण झालेली संख्या

संगणक-प्रणालींची चाचणी घेणे हे माझे काम. एका जुन्या प्रणालीत, दिलेली संख्या मूळ आहे की संयुक्त हे ठरवणारा कोड होता. त्याची उत्तरे मी साध्या भागाकाराने काढलेल्या उत्तरांशी ताडून पाहत होतो. सगळीकडे मेळ बसत असताना ३२१५०३१७५१ या संख्येपाशी तो तुटला. कोड तिला मूळ म्हणत होता, तर भागाकाराने तिचे १५१, ७५१ आणि २८३५१ असे तीन अवयव दाखवले होते. कागदावर गुणाकार करून पाहिला. भागाकाराचेच खरे होते.

कोडमध्ये मिलर-रॅबिन चाचणी होती, म्हणजे काही निवडक संख्यांचे (‘पायां’चे) घात काढून दिलेली संख्या मूळ असावी का हे जोखणारी पद्धत, आणि तिचे पाया २, ३, ५ व ७ असे कायमचे ठरवलेले होते. या संख्येतून १ वजा केल्यास १६०७५१५८७५ या विषम संख्येची दुप्पट मिळते. त्यामुळे येथे चाचणी एवढीच उरते, की पायाचा १६०७५१५८७५ वा घात काढून त्याला ३२१५०३१७५१ ने भागावे आणि बाकी १ किंवा ३२१५०३१७५० आल्यास उत्तीर्ण म्हणावे. २ आणि ५ यांनी बाकी १ दिली, ३ आणि ७ यांनी ३२१५०३१७५०. चारही वेळा बिनबोभाट उत्तीर्ण!

ही कार्मायकेल संख्या आहे: १५०, ७५० आणि २८३५० या तिन्हींनी ३२१५०३१७५० ला निःशेष भाग जातो, म्हणून तिच्याशी सामाईक अवयव नसलेला कोणताही पाया घेतला तरी फर्माची साधी चाचणी, म्हणजे पायाच्या ३२१५०३१७५० व्या घाताला या संख्येने भागून बाकी १ येते का एवढेच पाहणारी, फसते. मिलर-रॅबिन अधिक कडक असते. संयुक्त संख्या तिच्यातून फार तर एक चतुर्थांश पायांवर निसटू शकते. ही संख्या, सामाईक अवयव नसलेल्या पायांपैकी, नेमक्या एक चतुर्थांशांवर निसटते. पाया यादृच्छिक निवडले असते तर चारही वेळा फसण्याची शक्यता साधारण २५६ मध्ये १ होती. ठरलेल्या पायांमुळे मात्र चूक दर वेळी अटळ होती. पोमरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ या गणितज्ञांनी १९८० मध्येच दाखवले होते, की २५ अब्जांच्या आत या चार पायांना चकवणारी संयुक्त संख्या ही एकच आहे.

मग ११ हा पाया घेतला. बाकी १ किंवा ३२१५०३१७५० यांपैकी एकही आली नाही, आणि गंमत म्हणजे त्या बाकीतून १ वजा करून ३२१५०३१७५१ शी मसावि काढला तेव्हा थेट १५१ हाती आला. चाचणीचे काम फक्त ‘संयुक्त’ एवढे सांगण्याचे, पण येथे तिने अवयवही दिला.

आधी लहान मूळ संख्यांनी भागून पाहावे, म्हणजे १५१ तेथेच सापडेल, अशी सूचना एका सहकाऱ्याने केली. मला ती पटली नाही, कारण त्याने ही एक संख्या अडली असती, पण पायांची निवड तशीच राहिली असती. प्रणालीत ३२ बिटांपलीकडची संख्या येतच नसल्याने २, ७ आणि ६१ हे तीन पाया घेतले. त्या मर्यादेत हे तिघे एकही संयुक्त संख्या सुटू देत नाहीत.