आमची वाटचाल : परमिट रूमच्या अर्जाआधी

सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर थोड्याच काळात आईने मालवणजवळच्या आमच्या घराच्या पडवीत खानावळ सुरू केली. सुरमई थाळी, सोलकढी, उकड्या तांदळाचा भात. पुढे न्याहारी-निवास योजनेतून खोल्या झाल्या, तारकर्लीला स्कूबासाठी गर्दी लोटू लागली, तसं रेस्टॉरंटही उभं राहिलं. इथवर आमची गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखीच.

मग आला परमिट रूमचा विषय. पाहुणे जेवायला बसले की पहिला प्रश्न बिअरचा. नाही म्हटलं की डिकीतून गोव्याची बाटली निघायची आणि बैठक किनाऱ्यावर बसायची. सकाळी वाळूत काचा, आणि त्याच वाळूत अनवाणी माणसं रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतात. परवाना घेऊन, चार भिंतींत, वेळेत प्यायला दिलं तर हे थांबेल, असा माझा हिशेब.

एफएल-3, म्हणजे परमिट रूमच्या परवान्याचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जातो. नकाशा, पोलिसांचा अहवाल, ग्रामपंचायतीचा ठराव, आणि शाळा-देवळापासून 75 मीटर अंतर. टेप धरली तर आम्ही सहज नियमात होतो. पण शाळा लांब असली तरी शाळेची पाणंद आमच्या फाटकासमोरूनच जाते. टेपला ते कसं कळणार?

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हावी लागते. तिथे ठराव आयत्या वेळी मांडायचा मला पटेना, म्हणून आधीच बचत गटाच्या बैठकीला गेलो. आई सोबत होती, म्हणून बसायला पाट तरी मिळाला! मी काचांचं, पर्यटकांचं सगळं सांगितलं. एक काकी शांतपणे म्हणाल्या, "तुजे पावणे पितले नि जातले. आमचे घोव खंय जातले?" म्हणजे, तुझे पाहुणे पिऊन निघून जातील, आमचे नवरे कुठे जाणार?

याचं उत्तर माझ्या फाइलीत नव्हतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, हातात पैसा नाही, दिवसभर काम नाही. पिणं मात्र तेव्हाच वाढतं, आणि ते उधारीवर. ती उधारी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या मासळीतून फिटते, म्हणजे पोरांच्या वह्या-पुस्तकांतून. बायकांना भीती माझ्या बारची नव्हती, माझ्या उधारीच्या वहीची होती. गावावर काय परिणाम होईल म्हणून मी इतके दिवस गिऱ्हाइकं मोजत होतो, आणि खरा परिणाम त्या दोन महिन्यांत होता.

त्यांच्या हातात कायद्याचं बळही आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी 'आडवी बाटली'ला, म्हणजे दारू बंद करण्याच्या बाजूने, मत दिलं तर चालू दुकान बंद होतं. 2008 च्या आदेशात ही सोय आहे. म्हणजे आज कसाबसा ठराव पास करून घेतला तरी उद्या शटर खाली येऊ शकतं. धंद्याच्या दृष्टीनेही बायकांना टाळून पुढे जाणं शहाणपणाचं नव्हतं.

मग नकाशाच बदलला. बारचं दार पाणंदीकडून काढून माडांच्या बाजूला नेलं. गावातल्या कोणालाही उधार नाही, अगदी माझ्या चुलतभावालाही नाही (तो अजून धड बोलत नाही). बाटली बाहेर न्यायला द्यायची नाही. रात्री दहाला गाणी बंद. आणि जून-जुलै बार पूर्ण बंद. तसंही पावसात पर्यटक कमीच, त्यामुळे यात माझा मोठा त्याग वगैरे काही नाही. परवाना फी मात्र वर्षाची पूर्ण भरावी लागते. या अटी ठरावातच लिहून घेतल्या, तोंडी ठेवल्या नाहीत.

परवाना मिळाला. किनाऱ्यावरच्या काचा कमी झाल्या, संपल्या नाहीत. गोव्यातली स्वस्त बाटली सोडवत नाही लोकांना. मार्चमध्ये नूतनीकरणाआधी मी पुन्हा बचत गटात जातो. या वेळी पाणंदीवर दिव्याची मागणी आली. खांबाचा खर्च आमचा, वीजजोडणीचं ग्रामपंचायत बघतेय.