सोनोग्राफी नॉर्मल आहे

शनिवार, रात्र

या वेळी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी मी पार्लरमध्ये गेले नाही. हनुवटीवरचे आणि जबड्याच्या कडेचे केस तसेच ठेवून ऑफिसात लोकांसमोर बसणे काय असते, हे ज्या बायकांना ठाऊक आहे त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून फारसा उपयोग नाही. पण अनियमित पाळी आणि हे केस अशी तक्रार घेऊन मागच्या खेपेला गेले होते, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे ओझरते पाहिले आणि "कुठे आहेत केस? मला तर दिसत नाहीत," असे म्हणून त्या हसल्या होत्या. घराबाहेर पडताना चेहरा नीट करून निघायचे, हे लहानपणापासूनचे वळण त्या दिवशी माझ्याच विरुद्धचा पुरावा ठरले.

नागपुरात धंतोली आणि रामदासपेठेत डॉक्टरांची वाण नाही. छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया, गडचिरोली अशा लांबलांबच्या ठिकाणांहून माणसे पहाटेच्या बसने येऊन तिथल्या बाकांवर बसलेली असतात, त्यामुळे आत गेल्यावर घाई असणार हे मी गृहीतच धरते. मी बोलत असतानाच पुढच्या पेशंटला आत बोलावले जाते आणि ती बिचारी माझ्या खुर्चीमागे फाईल छातीशी धरून उभी राहते. तिच्यासमोर पाळीबद्दल आणि केसांबद्दल किती आणि काय बोलणार? गर्दीने घाईचे कारण कळते, हसण्याचे कळत नाही.

त्या डॉक्टरीणबाईंचे म्हणणे थोडक्यात असे होते की सोनोग्राफी नॉर्मल आहे, वजनही फारसे जास्त नाही, तेव्हा "तुला काही झालेलं नाही बेटा, टेन्शन कमी घे." लग्नाचे वय निघून चालले आहे, हेही ओघाने सांगून झाले. आईला ते पटले, कारण लग्न झाले की पाळी सुरळीत होते हे आमच्या घरात फार पूर्वीपासून सिद्ध झालेले आहे.

मी मात्र घरी येऊन वाचत बसले. पीसीओएस म्हणजे 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम', हार्मोन्सच्या बिघाडाचा एक विकार. त्याचे निदान करण्यासाठी 2003 साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी जे निकष ठरवले, त्यांत तीन गोष्टी आहेत: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) प्रमाण वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत अंडाशयांचे विशिष्ट रूप. प्रौढ स्त्रीमध्ये यांपैकी दोन असल्या आणि थायरॉईड, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध येण्याशी संबंधित हार्मोन) वगैरेंचे दोष नाहीत याची खात्री झाली, की निदान करता येते. म्हणजे सोनोग्राफी स्वच्छ असली तरी हा विकार असू शकतो. नाव 'पॉलिसिस्टिक', म्हणून गाठी दिसल्याच पाहिजेत असा समज होतो; प्रत्यक्षात त्या गाठी नसून वाढ अर्धवट थांबलेल्या बीजपुटिका, म्हणजे स्त्रीबीज ज्यांत वाढते त्या बारीक पिशव्या, असतात. जगभरात हा विकार असलेल्या स्त्रियांपैकी 70 टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो आकडा वाचून मला आश्चर्य वाटले नाही, रागच आला.

त्याआधीच्या एका डॉक्टरांनी संततिनियमनाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या चालू असेपर्यंत पाळी घड्याळासारखी येत होती आणि बंद केल्यावर पुन्हा महिनोन्महिने पत्ता नाही. गोळ्यांवर येणारा रक्तस्राव हा गोळ्यांचाच परिणाम असतो, त्यावरून बीजनिर्मिती सुरू झाली असे म्हणता येत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. शिवाय टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची तपासणीही त्याच काळात झालेली, आणि ती नॉर्मल आली म्हणून पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच कागद मला दाखवत राहिला.

आजच्या डॉक्टर हार्मोन्सच्या तज्ज्ञ आहेत. त्यांनी तो कागद पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे रक्त दिलं तेव्हा गोळ्या चालू होत्या का?" चालू होत्या, असे मी सांगितल्यावर त्यांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला, कारण त्या गोळ्यांनी टेस्टोस्टेरॉन कमी दिसते आणि गोळ्या थांबवून किमान तीन महिने गेल्याशिवाय ती तपासणी ग्राह्य धरता येत नाही. मग त्यांनी दिवा जवळ ओढून हनुवटी पाहिली, पोटावरचे केस पाहिले, ओढणी बाजूला करायला सांगून मान पाहिली.

मानेचे सांगायलाच हवे. कॉलेजात असल्यापासून माझ्या मानेमागे काळपट, जरा जाडसर, हाताला मखमलीसारखा लागणारा पट्टा आहे. आई दर रविवारी बेसन आणि लिंबू लावून तो घासत असे, इतका की कातडी चुरचुरायची, आणि मावश्या 'मळ साचलाय' म्हणायच्या. डॉक्टरांनी त्यावरून बोट फिरवले आणि सांगितले की हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसले की रक्तात इन्सुलिन वाढते आणि त्वचा अशी होते. वजन बेताचे असूनही हे होऊ शकते. आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, पण येताना रिक्षात तिने दोनदा विचारले, "म्हणजे घासून गेलंच नसतं का?"

निदान अजून पक्के नाही आणि डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले. गोळ्या थांबवून आता चार महिने होऊन गेले आहेत, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन पुन्हा पाहता येईल. त्यासोबत थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि अधिवृक्क ग्रंथीचा (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचा) एक जन्मजात दोष वगळण्यासाठीची तपासणी आहे, आणि 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची साखरेची चाचणीही आहे. पाळी फार लांबली तर ती औषधाने आणावी लागेल, कारण गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहणे बरे नाही. यांतले काहीही मला आधीच सांगायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागले नसते.

साखरेच्या चाचणीसाठी उपाशीपोटी जाऊन लॅबमध्ये दोन तास बसावे लागेल, म्हणून सोमवारी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज द्यायचा आहे. कारणाच्या रकान्यात आजवर मी 'घरगुती काम' लिहीत आले. या वेळी 'वैद्यकीय तपासणी' लिहीन, आणि साहेबांनी कसली म्हणून विचारलेच तर हार्मोन्सची म्हणून सांगेन.