साडेनऊला जाणारा गेम

'सर, रोज रात्री साडेनऊला मरतो मी.' इंटरनेटच्या तक्रारी घेताना अशी वाक्यं रोज कानावर पडतात. मरतो म्हणजे गेममध्ये. पण या मुलाची आठवड्यातली ही तिसरी तक्रार होती, आणि आधीच्या दोन 'निवारण झाले' म्हणून मीच बंद केल्या होत्या.

पहिल्यांदा मी वायफायवर खापर फोडलं. 2.4 गिगाहर्ट्झवर शेजारपाजारच्या राऊटरांची गर्दी असते, त्यात मायक्रोवेव्हची भर. केबल लाव म्हटलं, त्याने लावली. दुसऱ्यांदा स्पीड टेस्ट करायला लावली. डाउनलोड 100 एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट), अपलोड 10, म्हणजे ठरल्याप्रमाणे. लाइन ठीक, विषय संपला. टेस्ट त्याने दुपारी केली होती, हे मी विचारलंही नाही.

या वेळी त्याने ट्रेसराऊटचा, म्हणजे डेटा वाटेत कोणकोणत्या राऊटरांतून जातो ते ओळीओळीने दाखवणाऱ्या चाचणीचा, स्क्रीनशॉट पाठवला होता. तिसऱ्या ओळीतल्या तीन ताऱ्यांभोवती लाल गोल. 'इथेच तुमचं नेटवर्क तुटतंय, सर.' मी सांगितलं, ते तारे म्हणजे तो राऊटर चौकशीला उत्तर देत नाही, एवढंच. चौथ्या ओळीपासून उत्तरं येतायत, म्हणजे पॅकेट, डेटाचे छोटे तुकडे, पुढे जातायत. बोलणं बरोबरच होतं. पण त्याचा गेम त्यामुळे थोडाच सुरू राहणार होता?

म्हटलं, आज साडेनऊपर्यंत फोन ठेवू नकोस. कॉम्प्युटरवर दोन काळ्या खिडक्या उघडायला सांगितल्या. एकीत घरच्या राऊटरला पिंग, म्हणजे उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते पाहायची हाक, दुसरीत बाहेरच्या एका सर्व्हरला. तो आकडे वाचत होता. राऊटर 1, बाहेर 28. राऊटर 1, बाहेर 29. पंधरा मिनिटं हेच. कंटाळून त्याने मला गेमची अख्खी कथा सांगून टाकली.

9:34 ला त्याचा आवाज चढला. '31... 140... 390... 410... टाइम्ड आउट, सर, टाइम्ड आउट!'

'आणि राऊटर?'

'1.'

म्हणजे केबल निर्दोष, कॉम्प्युटर निर्दोष. मी माझ्या स्क्रीनवर त्याची लाइन पाहिली. एरर नाहीत, लाइन पडलेली नाही. फक्त अपलोड 9.8 वर चिकटून बसलेलं.

'घरात कोणी काही पाठवतंय का रे?'

'कोणीच नाही. मी एकटाच जागा आहे. आई आत्ताच फोन चार्जिंगला लावून झोपायला गेली.'

दोन सेकंद दोघंही गप्प.

वायफाय आणि चार्जर दोन्ही मिळाले, की त्या फोनचा फोटो-बॅकअप सुरू व्हायचा. दिवसभराचे व्हिडिओ एकदम निघायचे आणि राऊटर ते रांगेत साठवत राहायचा. रांगेत अर्धा एमबी साठला, तर ते झाले 4 मेगाबिट. 10 एमबीपीएसच्या वाटेने तेवढं बाहेर पडायला 400 मिलिसेकंद लागतात. गेमची पॅकेट चिमुकली, पण त्यांनाही त्याच रांगेच्या शेपटाला उभं राहावं लागतं. रांग काठोकाठ भरली की नवी पॅकेट फेकली जातात. काही सेकंद खेळाडूकडून काहीच आलं नाही, की गेमचा सर्व्हर त्याला बाहेर काढतो.

'आई, चार्जर काढ ना जरा!' लांबून काहीतरी रागावलेलं ऐकू आलं. मग, '29, सर! 29!'

त्याच्या राऊटरमध्ये रांग आवरण्याची सोय होती, हे नशीब; सगळ्यांत नसते. ती चालू केली आणि अपलोडची मर्यादा 9 ला बांधली, म्हणजे रांग लागलीच तर राऊटरच्या ताब्यात राहील आणि छोट्या पॅकेटना वाट मिळेल. चार्जर परत लावायला लावला. 34, 37, 33.

मग फोन आईंनी घेतला. 'त्याचं खेळणं राहू द्या बाजूला. माझे फोटो जाणार नाहीत ना?'

'नाही जाणार, ताई. चढायला थोडा वेळ जास्त लागेल, इतकंच.'

तक्रार बंद करताना कारणांच्या यादीत बसेल असं काही सापडेना. 'इतर' निवडलं. मग आधीच्या दोन तक्रारींवरचे माझे शेरे बदलता येतात का, तेही पाहिलं. येत नाहीत.