आमची वाटचाल : यादीत नसलेला सर्व्हर

सर्व्हर विकले की पैसे मिळतात, सांभाळले की नुसती कटकट, असं २०११ साली कोल्हापूरच्या शाहूपुरीत आम्ही दुकान थाटलं तेव्हा धंद्यातल्या जाणत्या मंडळींनी बजावलं होतं. दुकानच म्हणतो, कारण पुढे काउंटर आणि मागे दोन टेबलं एवढाच पसारा. मी आणि माझा भागीदार, दोघंही लिनक्सवाले. हार्डवेअरमध्ये किती सुटतं ते वर्षभरात कळलं आणि आम्ही मुकाट्याने देखभाल करारांकडे वळलो. गिऱ्हाइकं म्हणजे साखर कारखान्यांचे वजनकाट्याचे सर्व्हर, पतसंस्था, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे कापड व्यापारी आणि थोडी हॉस्पिटलं.

त्या काळात आमची देखरेख म्हणजे फोन. सकाळी शाखा उघडायची, पिग्मी एजंट भरणा घेऊन उभे असायचे आणि मॅनेजरांचा फोन, "साहेब, सिस्टिम उठंना." डिस्क भरलेली असायची. ती काही त्या सकाळी भरलेली नसायची, महिनाभर भरत आलेली असायची. बिघाड आपल्याआधी गिऱ्हाइकाला कळतो याची लाज वाटत होती, म्हणून आम्ही सगळ्या सर्व्हरांवर नजर ठेवणारं नागिओस बसवलं. १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर तोवर चांगलं मुरलं होतं आणि फुकट होतं.

फुकट सॉफ्टवेअर, पण बसवणं फुकट नव्हतं. प्रत्येक सर्व्हरवर जाऊन एनआरपीई नावाचा एजंट, म्हणजे यंत्राची खबर देणारा छोटा प्रोग्राम, टाकायचा, त्याच्या फाइलीत आमच्या मुख्य सर्व्हरचा पत्ता लिहायचा, फायरवॉलमध्ये ५६६६ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडायचं, मग परत येऊन नागिओसमध्ये त्या यंत्राची नोंद करायची. कामं चार आणि चारही साधी. पण हाताने केलेल्या कामात प्रत्येक सर्व्हर थोडा वेगळा होतो. एका पोराने डिस्कची मर्यादा ८० टक्के ठेवलेली, दुसऱ्याने ९०. आणि नागिओसच्या पडद्याची एक खोड आहे. जे बिघडलं ते लाल दिसतं, जे ठीक ते हिरवं, पण ज्याची नोंदच नाही ते कुठंच दिसत नाही. पडदा हिरवागार आणि एखादा सर्व्हर त्याच्या बाहेर बिनधास्त मरत पडलेला.

या चार कामांची मग शेल स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक आज्ञा चालवणारी फाइल, झाली, तशी ती सगळ्यांकडेच होते. लूप फिरवा, एसएसएचने, म्हणजे जागेवरूनच लॉगिन करून, प्रत्येक यंत्रावर जा, ओळी घाला. पहिल्यांदा छान चालते. पत्ता बदलला म्हणून दुसऱ्यांदा चालवली की त्याच फाइलीत जुनी ओळ आणि नवी ओळ एकाखाली एक. स्क्रिप्टला "हे कर" एवढंच कळतं. आम्हाला हवं होतं "हे असं असू दे" असं सांगता येणारं काहीतरी, म्हणजे आधीच तसं असेल तर हात लावायचा नाही आणि नसेल तर करायचं. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणतात ते हेच.

त्यासाठी आधी पपेट हे सॉफ्टवेअर घेतलं. ते २००५ पासून होतं, मोठे लोक वापरत होते. पपेटचा एजंट दर अर्ध्या तासाने स्वतःहून मुख्य सर्व्हरला विचारतो की माझी अवस्था काय असायला हवी. कारखान्याच्या ब्रॉडबँडच्या राउटरमागे बसलेल्या यंत्रांसाठी हे सोयीचं, कारण संपर्क आतून बाहेर होतो. अडचण आली घड्याळाची. पपेटचा सगळा विश्वास सर्टिफिकेटवर, म्हणजे डिजिटल ओळखपत्रावर, आणि सर्टिफिकेटला तारीख लागते. आमच्या भागातल्या जुन्या यंत्रांच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला, लाइट गेली की यंत्र उठतं ते कुठल्या तरी मागच्या साली. तिथं ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही, त्यामुळे एजंट ओळख दाखवायलाच नकार देतो. पंधरा-वीस रुपयांच्या सेलसाठी पोरगं बसने गडहिंग्लजला पाठवायचं, हा हिशेब काही जमेना. शिवाय पपेटची स्वतःची भाषा. आमच्याकडे येणारी पोरं बीसीए किंवा पॉलिटेक्निकची. ती शिकून तयार होईतो पुण्याला जायची. त्यांना दोष नाही, मीही गेलो असतो.

अँसिबल या त्याच कामाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे आम्ही वळलो ते या पोरांमुळे. २०१२ मध्ये ते आलं, २०१५ मध्ये रेड हॅटने विकत घेतलं. त्याला समोरच्या यंत्रावर स्वतःचा एजंट लागत नाही, एसएसएच आणि पायथन असलं की भागतं. प्लेबुक म्हणजे काय कसं असायला हवं ते सांगणारी फाइल, आणि यामल या साध्या मांडणीत लिहिलेली ती नवीन पोरगंही वाचून सांगू शकतं की इथं काय चाललंय. राउटरमागच्या यंत्रांपर्यंत पोचायला ओपनव्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारा खासगी बोगदा, टाकलं. त्याच सुमारास नागिओस सोडून झॅबिक्स घेतलं, कारण त्याचा एजंट स्वतःहून आकडे पाठवू शकतो, मुख्य सर्व्हरच्या १००५१ पोर्टवर. गिऱ्हाइकाकडे एकही पोर्ट उघडायला लागत नाही. २०१६ च्या ३.० आवृत्तीपासून हे बोलणं कूटबद्धही करता येऊ लागलं, तेव्हा पतसंस्थांच्या ऑडिटरांची तोंडं बंद झाली.

पण खरा फरक पडला तो इन्व्हेंटरीने. इन्व्हेंटरी म्हणजे अँसिबलची साधी यादी, कोणते सर्व्हर आहेत आणि ते कुठल्या गटात मोडतात. आम्ही ठरवलं की झॅबिक्समधली नोंदही हाताने करायची नाही, एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला काम सांगायची सोय, वापरून या यादीतूनच व्हायला हवी. झॅबिक्समध्ये नवीन एजंटाने स्वतःची नोंद स्वतः करण्याची सोय आहे, ती आम्ही मुद्दाम बंद ठेवली. कुणीतरी व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे एका यंत्रात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या यंत्राची, प्रत काढतं, दोन यंत्रं एकाच नावाने आकडे पाठवू लागतात आणि आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. कोण आत येणार हे यादीने ठरवायचं, यंत्राने नाही.

तरी यादी खरी राहायला एक गोष्ट कमी पडत होती. ती सुचवली आमचा हिशेब बघणाऱ्या ताईंनी. त्या म्हणाल्या, "बिल कशावरून काढू? टॅलीत एक आकडा आहे, तुमच्या पडद्यावर दुसरा." तेव्हापासून मासिक बिल इन्व्हेंटरीवरून निघतं. यादीत सर्व्हर नसला तर आमचे पैसे बुडतात, जास्तीचा असला तर गिऱ्हाईक भांडायला येतं. इंजिनिअरांच्या शिस्तीने जे कधी झालं नसतं ते बिलाने झालं. ताई आता दर महिन्याला तिन्ही आकडे जुळवतात, टॅली, अँसिबल आणि झॅबिक्स. जुळले नाहीत तर आमची झडती असते.

वजनकाट्याचं उदाहरण सांगतो, कारण आमचं निम्मं शिक्षण तिथंच झालं. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू असतो तेव्हा काटा रात्रंदिवस चालतो. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग, आणि काट्याचा सर्व्हर थांबला की वाहतूकदारांचा आवाज थेट चेअरमनपर्यंत. त्या दिवसांत रात्री दोनलाही इशारा यायलाच हवा. आणि हंगाम संपला की तेच यंत्र महिनोन्‌महिने बंद ठेवतात, तेव्हा तोच इशारा म्हणजे निव्वळ झोपमोड. खोटे इशारे येत राहिले की पोरं फोन सायलेंटवर टाकतात, मग खराही कुणी बघत नाही.

म्हणून काट्यांच्या गटाच्या व्हेरिएबल फाइलीत प्रत्येक कारखान्यासमोर एक ओळ आहे: हंगाम चालू की बंद. ती बदलून प्लेबुक चालवली की डिस्कच्या मर्यादा, रात्रीचे इशारे, कुणाला फोन जायचा, हे सगळं त्या कारखान्यापुरतं एकदम बदलतं. बॉयलर अग्निप्रदीपनाचं निमंत्रण आलं की आम्ही कामाला लागतो, आणि गव्हाणीत मोळी पडायच्या आधी काट्याची तपासणी उरकलेली असते. आमच्या कॅलेंडरवर मार्चअखेरपेक्षा हे दोन समारंभ मोठे.

एकदम सगळीकडे मात्र काही चालवायचं नाही, हा नियम. आधी अँसिबलचे चेक आणि डिफ हे पर्याय लावून नुसतं बघायचं की काय बदलणार आहे. मग आमचा ऑफिसचा सर्व्हर, मग प्रत्येक गटातला एकेक, आणि मग सीरियल लावून थोडे थोडे. एजंटाची फाइल बदलली असेल तरच तो रीस्टार्ट होतो, नाहीतर त्याला कुणी उठवत नाही. पासवर्ड आणि किल्ल्या व्हॉल्टमध्ये कुलूपबंद, आणि बाकी सगळं प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये, म्हणजे कुणी कधी काय बदललं हे विचारायला त्या पोराला पुण्याला फोन लावावा लागत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता आणि आम्ही कुठंच जाऊ शकत नव्हतो. आमचा झॅबिक्स सर्व्हर भाड्याने मुंबईत होता म्हणून निदान दिसत तरी होतं. कुठलं ठिकाण किती वाजता गप्प झालं त्याची रांगच पडद्यावर लागली. राउटर पडला तर त्याच्यामागच्या यंत्रांचे वेगळे इशारे द्यायचे नाहीत, ही अवलंबित्वाची सोय आधीच केलेली, नाहीतर फोन वाजून वाजून बॅटरीच संपली असती. पाणी ओसरल्यावर एका गिऱ्हाइकाचं तळमजल्यावरचं यंत्र चिखलातून काढलं. डेटा बॅकअपमधून आला, पण नवीन यंत्र जुन्यासारखं करायचं काम प्लेबुकने दुपारच्या चहाच्या आत उरकलं. त्यानंतर "हे महिन्याचे पैसे कशाचे, काही बिघडलंच नाही की" हा प्रश्न त्यांच्याकडून आला नाही. इतरांकडून अजून येतो.

एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश आले: लॉग, म्हणजे यंत्रांनी लिहिलेल्या नोंदी, १८० दिवस ठेवा, सायबर घटना सहा तासांत कळवा, घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरशी, जुळवा. छोट्या उद्योगांना २५ सप्टेंबरपर्यंत मुदत वाढवून मिळाली. घड्याळाच्या बाबतीत आम्ही तयार होतो, पपेटने छळलं होतं ना. घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीची एक फाइल सगळीकडे गेली आणि झॅबिक्समध्ये वेळेच्या फरकाचा इशारा लागला. लॉगसाठी मात्र गिऱ्हाइकांकडून डिस्कचे पैसे काढताना घाम फुटला.

सध्याची डोकेदुखी सेंटओएस या लिनक्सच्या जुन्या आवृत्तीची. सेंटओएस ७ ला दुरुस्त्या मिळायची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि अँसिबल-कोअर २.१७ समोरच्या यंत्रावर ३.७ च्या खालचं पायथन चालवून घेत नाही. म्हणजे जी यंत्रं सर्वात जुनी, ज्यांच्याकडे सर्वात जास्त लक्ष हवं, त्यांच्यासाठीच अँसिबलची जुनी आवृत्ती वेगळी जपून ठेवावी लागते. मालकांना त्याच्या जागी अल्मा लिनक्सवर जाऊ म्हटलं की उत्तर ठरलेलं, "चालतंय की, कशाला हात लावताय?" चालतंय हे खरं आहे, त्यामुळे वाद घालायलाही जागा नाही. आम्ही त्या यंत्रांचा वेगळा गट केलाय आणि त्यांचा दर वाढवलाय. दर बघून दोघं तयार झाले.

आणि विंडोज. व्यापाऱ्यांकडे टॅली विंडोजवरच, तेव्हा तिथंही झॅबिक्सचा एजंट हवा. विनआरएम या विंडोजच्या दूरून हाताळायच्या सोयीच्या ५९८६ पोर्टवरून अँसिबल पोचतं, एजंटाची एमएसआय फाइल बसवतं, पण इचलकरंजीत प्रत्येक पेढीवर ॲडमिनचा पासवर्ड शेठजींच्या पुतण्यालाच माहीत असतो आणि पुतण्या मुंबईला असतो. यादीत ती नावं घातली आहेत, समोर "बाकी" लिहून. ताईंनी त्यांचं बिल अजून लावलेलं नाही.